सत्तर बाय सत्तर

बाजारात त्याला सगळे काटकोन म्हणत. तसबिरींना चौकटी करून देणाऱ्या दुकानात तो विसाव्या वर्षी लागला आणि पुढची सत्तावीस वर्षं त्याच बाकावर, त्याच खिडकीपाशी बसून लाकडी पट्ट्या कापत राहिला. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून एकही कोपरा उघडा राहिला नव्हता. चौकट जोडून झाली की तो चारही कोपऱ्यांना गुण्या लावून बघायचा, आणि केसभर जरी फट दिसली तरी सगळं उचकटून पुन्हा करायचा. शेजारच्या दुकानातला घड्याळजी म्हणायचा, "हा माणूस रस्त्यानं वळतानासुद्धा गुण्या लावून वळतो."

बोलायचा मात्र मोजकं. "केवढं हवं? काच साधी की बिनचमकीची? परवा या." या तीन वाक्यांत त्याचा दिवस निघायचा. मालक आठवड्यातून एखाद-दोनदा चक्कर टाकायचे, तेव्हा त्यात "हो" आणि "नाही"ची भर पडायची.

लग्न केलं नव्हतं. म्हणजे नाही म्हटलं होतं असंही नाही. कुणी धरून बसवलं नाही आणि हा स्वतःहून बसला नाही. दोन खोल्यांच्या घरात तो आणि त्याची आई राहायचे. आई होती तोवर घरात बोलणं होतं, कारण ती दोघांच्याही वाटचं बोलायची. स्वतःच विचारायची, "आज उशीर झाला का?" आणि स्वतःच म्हणायची, "झालाच असणार, काच आली असेल." त्याला फक्त मान हलवायची सवय उरली होती. ती गेली आणि मान कुणापुढे हलवायची तेच कळेना. खिडकीजवळ तिची कॉट होती. गादी गुंडाळून झाली, पण कॉट काही त्यानं हलवली नाही. संध्याकाळी सातला घरी यायचं, नऊला जेवायचं, आणि सात ते नऊ या दोन तासांचं काय करायचं हे न सुटलेलं कोडं होऊन बसलं.

आई गेल्याला वर्ष होत आलं तेव्हा मास्तर दुकानात आले. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले, खिशात दोन पेनं. निरोप समारंभाला विद्यार्थ्यांबरोबर काढलेला मोठा फोटो त्यांनी आणला होता. काटकोन माप घेत होता, तोवर मास्तरांची नजर बाकाच्या कोपऱ्यावर गेली. चित्राभोवती लावायचा पुठ्ठा मधोमध कापला की आतला तुकडा गळून पडतो. हे तुकडे काटकोन टाकून देत नसे. त्यांचे चौरस करून, मोठ्यावर लहान असे एकावर एक रचून ठेवायचा.

"हे मुद्दाम रचलंय?" मास्तरांनी विचारलं.

"नाही हो. कातरण आहे. टाकायला जिवावर येतं."

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि ते बसले. "फळवाला संत्री कशी रचतो, बघितलंय? वर एक. त्याच्याखाली दोन बाय दोन, म्हणजे चार. त्याच्याखाली तीन बाय तीन, नऊ. असा ढीग वाढत जातो. आता मला सांगा, हा ढीग मोडला आणि तीच सगळी संत्री जमिनीवर सपाट मांडली, तर त्यांचा नेमका चौरस होईल का? एकही कमी नको, एकही जास्त नको."

काटकोननं पट्टी खाली ठेवली. "चार आणि एक पाच. पाचाचा नाही होत."

"तीन थरांची चौदा. नाही होत. चार थरांची तीस. नाही होत. पंचावन्न, एक्याण्णव, एकशे चाळीस... नाही, नाही, नाही. असं करत करत चोविसाव्या थराला या. किती होतात? चार हजार नऊशे. आणि चार हजार नऊशे म्हणजे सत्तर बाय सत्तर!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "पुढे कितीही थर लावा, पुन्हा कधीच नाही. हजार थर लावा, लाख लावा. सिद्ध झालंय हे. आख्ख्या मोजणीत हा एकच आकडा आहे."

"एकच?"

"एकच म्हणजे, तसे दोन. दुसरा आकडा एक. एकच संत्रं असेल तर ढीगही तोच आणि चौरसही तोच. त्याला काय अर्थ आहे! पण धरायचा झाला तर चार हजार नऊशेला जगात सोबत म्हणून तेवढा तो एक आहे."

 काटकोननं पट्टी पुन्हा उचलली नाही हे मास्तरांच्या नजरेतून सुटलं नाही.

"आता खरी मेख," ते म्हणाले. "तुम्ही पुठ्ठ्यातले आहात म्हणून सांगतो. एक सेंटिमीटरचा चौरस कापा, दोनचा कापा, तीनचा, असे चोवीसपर्यंत. प्रत्येकाचा एक-एकच. चोविसांचं क्षेत्रफळ मिळून चार हजार नऊशे. म्हणजे सत्तर बाय सत्तरच्या चौकटीत ते सगळे मावायला हवेत की नाही? फट नको, एकावर एक चढायला नको. हिशोब तर चोख आहे. माझ्याच्यानं काही जमलं नाही. तुमच्या हातात कसब आहे. बघा जमतंय का. गुरुवारी येतो फोटो न्यायला."

त्या संध्याकाळी काटकोननं आधी बेरीज करून पाहिली. एक, चार, नऊ, सोळा असं करत तो चोविसाच्या वर्गापर्यंत, पाचशे शहात्तरपर्यंत आला आणि खाली आकडा लिहिला. चार हजार नऊशे. त्यानं पुन्हा केली. तेवढेच. मग उत्साहाच्या भरात तो पुढे पन्नास थरांपर्यंत गेला आणि प्रत्येक बेरजेचं वर्गमूळ ताडून पाहिलं. एकही जमली नाही. मास्तर खरं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या कातरणातून त्यानं चोवीस चौरस कापले. राखाडी, पांढरे, गर्द निळे, लाल. जो पुठ्ठा हाती आला तो. एका जाड फळीला चारही बाजूंनी पट्ट्या ठोकून आत नेमकी सत्तर बाय सत्तरची जागा केली. ही फळी ठेवायला घरात जागा एकच होती. त्यानं आईच्या कॉटवर फळी ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

गुरुवारपर्यंत काही जमलं नाही. पण गुरुवारी मास्तरही आले नाहीत. पुढच्या गुरुवारी नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. फोटो चौकट घालून, तपकिरी कागदात बांधून तयार होता. पावतीवर पत्ता नव्हता. काटकोननं मनाशी म्हटलं, बरंच झालं, येतील तेव्हा पूर्ण करूनच दाखवू.

अशी अकरा वर्षं गेली.

सात ते नऊचा प्रश्न मिटला. तो घरी आला की हात धुवायचा, चहा करायचा आणि कॉटपुढे बसायचा. आधी वाटलं होतं मोठे लावून घेतले की लहान कुठेही बसतील. तसं नव्हतं. मोठे लागायचे, कडेला चोवीस, वीस, पंधरा, अकरा अशी सत्तराची ओळ नीट बसायची, आणि मग मधे अशा काही चिंचोळ्या जागा उरायच्या की त्यात कुणाचंच अंग शिरायचं नाही. एकाच्या चौरसानं तर त्याला रडवलं. नखाएवढा तुकडा, खोकला आला तरी उडायचा. एकदा केर काढताना गेला, तो दोन दिवसांनी चपलेला चिकटलेला सापडला. तेव्हापासून तो काड्यापेटीत राहायला गेला.

पण याच एकानं त्याला पहिलं शहाणपण शिकवलं. एकाला चौकटीच्या कडेला कधीच ठेवता येत नाही. कडेला ठेवला की त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी त्याच्याहून उंच, आणि त्याच्या डोक्यावर एक सेंटिमीटर रुंदीची बोळ तयार होते. त्या बोळात शिरेल असा दुसरा कुणी नाही, कारण एकाच्या मापाचा तो एकटाच. हे कळलं त्या दिवशी काटकोन खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या मारून आला. हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. त्याचं त्याला कळलं होतं. कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं, म्हणून सकाळी दुकान उघडता उघडता त्यानं घड्याळजीला सांगितलं.

घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग न काढताच ऐकलं. "मग नको ठेवूस कडेला," तो म्हणाला.

तेवढंच. काटकोन मान हलवून आपल्या बाकावर गेला.

जवळजवळ जमलेल्या मांडण्या तो चौकड्यांच्या वहीत उतरवून ठेवायचा. अशा नऊ वह्या भरल्या. त्याची धाकटी बहीण दुसऱ्या गावी दिलेली. दर रविवारी तिचा फोन यायचा. "जेवलास का?" "हो." "तब्येत?" "बरी." "आणि काय?" इथे आधी तो गप्प बसायचा. आता सांगायचा, "काल तेराचा बाहेर राहिला." तिला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण ती "अरेरे" म्हणायची.

एकदा नवऱ्याच्या कामासाठी ती दोन दिवस राहायला आली. काटकोन दुकानात होता. प्रवासानं ती थकलेली, तिला आडवं व्हायचं होतं. तिनं कॉटवरची फळी उचलली आणि भिंतीला उभी केली. त्या फळीवर आठवडाभर खपून लावलेले एकवीस चौरस बसलेले होते. संध्याकाळी तो आला तेव्हा सगळे तिनं गोळा करून एका पिशवीत भरून ठेवले होते.

त्यानं पिशवीकडे पाहिलं आणि तसाच उभा राहिला.

"काय रे? काही चुकलं का माझं? पुठ्ठेच ना ते?"

"हो," तो म्हणाला. "पुठ्ठेच."

रात्रीचं जेवण उरकताना तिनं विचारलं, "दादा, राग मानू नकोस. आईच्या कॉटवर हे काय मांडून बसतोस? आणि समजा जमलं, तर पुढे काय?"

"मास्तरांना दाखवीन."

"कोण मास्तर?"

त्यानं सांगितलं. ती ऐकत राहिली. जाताना मात्र तिनं स्वतः फळी पुन्हा कॉटवर ठेवली आणि पिशवीतले चौरस ओळीनं, लहान-मोठे लावून दिले. एकाचा काड्यापेटीत घातला.

अकराव्या वर्षी त्याची सगळ्यांत चांगली मांडणी झाली. अकराचा चौरस तेवढा बाहेर राहिला. बाकीचे तेवीस आत. वर्ष अकरावं आणि उरलाही अकराचा, या योगायोगाचं त्याला स्वतःशीच हसू आलं. आता फार दूर नाही असं त्याला मनापासून वाटू लागलं.

त्याच वर्षी एका दुपारी चाळिशीतल्या एक बाई दुकानात आल्या. त्यांच्या हातात पिवळी पडलेली पावती होती.

"ही फार जुनी आहे," त्या संकोचून म्हणाल्या. "बाबांच्या एका पुस्तकात सापडली. मी नुकतीच बदली होऊन या गावात आलेय, इथल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवते. म्हटलं विचारून तरी बघावं. आता काही राहिलं नसेल..."

काटकोननं पावती वाचली नाही. नंबर त्याला पाठ होता. तो वळला, वरच्या फळीवरून तपकिरी कागदातलं बंडल एका हातानं काढलं, धूळ पुसली आणि त्यांच्यापुढे ठेवलं. मालकांनी ते दोनदा टाकून द्यायला सांगितलं होतं. दोन्ही वेळा त्यानं "हो" म्हटलं होतं.

बाई बघतच राहिल्या.

"मास्तर कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"बाबा गेले हो. इथून मी त्यांना माझ्याकडे नेलं तेच आजारी म्हणून. अचानकच झालं सगळं. त्याच वर्षी गेले."

त्याच वर्षी.  म्हणजे वह्या भरत होत्या तेव्हा, तेराचा बाहेर राहिला तेव्हा, एकाचं मर्म कळलं तेव्हा, यांपैकी कशाच्याही वेळी मास्तर कुठेच नव्हते.

मग तो म्हणाला, "मास्तरांनी मला एक काम दिलं होतं. सत्तर बाय सत्तरचं. होत आलंय. आता फक्त अकराचा बाहेर राहतो."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी फोटो खाली ठेवला. "एक ते चोवीसचे चौरस?"

"हो, तेच."

"काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते होत नाही. कुणालाच होणार नाही. संगणकानं सगळ्या मांडण्या तपासून झाल्या आहेत, मी शाळेत जायच्याही आधी. बेरीज जमते, पण चौरस बसत नाहीत. सातचा सोडला तर बाकीचे सगळे बसवता येतात, एवढं लोकांनी करून दाखवलंय. त्याच्या पुढे कुणी गेलं नाही."

"मास्तरांना हे ठाऊक होतं?"

 "होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मलाही नव्हतं सांगितलं. मी दहा वर्षांची होते. आख्खी उन्हाळ्याची सुट्टी कागद कापत बसले. शेवटी एका पुस्तकात मला कळलं, तेव्हा महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. विचारलं, का केलंत असं? तर म्हणाले, आधी सांगितलं असतं तर बसली असतीस का?" बाईंनी मान खाली घातली. "मला अजून ते पटलेलं नाही. तुम्ही माफ करा त्यांना असंही मी म्हणणार नाही."

काटकोननं फोटोला नवा कागद लावला, सुतळी बांधली, गाठ मारली. बाईंनी पावतीच्या मागे आपला फोन नंबर लिहून बाकावर ठेवला आणि त्या गेल्या.

त्या संध्याकाळी त्यानं चौरस एका खोक्यात भरले, खोकं कॉटखाली सरकवलं, फळी दाराआड उभी केली आणि चहा केला. सव्वासात झाले होते.

पुढचे दीड-दोन महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यांत लांब महिने. आई गेली तेव्हा दुःख तरी होतं, ते वेळ खायचं. आता तेही नव्हतं. राग होता, पण राग धरायचा कुणावर, मेलेल्या माणसावर? आणि खरं सांगायचं तर मास्तरांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. 'जमेल' असं ते कुठे म्हणाले होते? 'बघा जमतंय का' म्हणाले होते. हे आठवलं की त्याला आणखीच राग यायचा. तो दुकानात उगाच बसून राहायला लागला. झालेल्या चौकटी पुन्हा तपासायचा. मग निघून बसथांब्यावर जाऊन बसायचा. बस यायच्या, माणसं चढायची, हा बसलेलाच. एकदा कंडक्टरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, रोज बसता. जायचंय कुठं?" दुसऱ्या दिवसापासून तो थांबा त्यानं सोडला.

घड्याळजीला एकदा सगळं सांगून टाकलं. घड्याळजी पोट धरून हसला. "अकरा वर्षं! अरे, बाजारात कुणालाही विचारलं असतंस तर सांगितलं असतं, मास्तर लोकांच्या नादी लागू नये!" मग काटकोनचा चेहरा पाहून त्यानं हसू आवरलं आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटल्यावर काय बोलायचं हे त्यालाही येत नव्हतं.

एका रविवारी बहिणीचा फोन आला.

"जेवलास का?"

"हो."

"आणि काय? कितीचा बाहेर राहिला?"

"बंद केलं ते."

"का?"

"होत नाही म्हणे. सिद्ध झालंय."

 मग ती म्हणाली, "मग करतोस काय रे संध्याकाळी?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दादा, ऐक. मला त्यातलं काही कळत नाही. पण सात वाजले की मी इकडे कामात असले तरी मनात येतं, दादा आता बसला असेल पुठ्ठे घेऊन. बरं वाटतं मला. आता मी काय डोळ्यांपुढे आणू? तू नुसता बसलेला?" तिचा आवाज ओला झाला. "होत नाही तर नाही. लाव की रे तू आपले."

फोन ठेवल्यावर काटकोन कॉटच्या कडेला बसून राहिला. मग वाकून त्यानं खोकं बाहेर ओढलं. चौरस काढले, मोजले. तेवीस होते आणि काड्यापेटी. बाई काय म्हणाल्या होत्या ते त्याला नीट आठवत होतं. सातचा सोडला तर बाकीचे बसतात. ते कसे बसवायचे हे मात्र त्यानं विचारलं नव्हतं, आणि आता विचारायचंही नव्हतं. त्यानं सातचा चौरस, गर्द निळा होता तो, उचलून कपाटात कपड्यांखाली ठेवला आणि फळी आडवी केली.

आता खेळ वेगळा होता. सातचा चौरस बाहेर म्हणजे आत एकोणपन्नास चौरस सेंटिमीटर रिकामी जागा राहणार, आणि ती एका ठिकाणी नाही, इथे चार, तिथे सहा अशी विखरून राहणार. आधी फटी नाइलाजानं शेवटी उरायच्या, आता त्या पहिल्यापासून धरून चालायच्या होत्या. ज्यानं जन्मभर एक फट खपवून घेतली नव्हती, त्याला आता कुठली फट ठेवायची ते शिकायचं होतं. पहिले काही महिने त्याचा हातच वळेना. फट दिसली की तो मांडणी मोडायचा, मग स्वतःवरच चिडायचा, "अरे, राहू दे ना!" असं मोठ्यांदा म्हणायचा. रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज ऐकून दचकायचा.

चौदा महिने लागले. रविवारची दुपार होती. शेवटी पाचाचा चौरस हातात राहिला होता आणि खालच्या उजव्या बाजूला त्याला जागा होती. त्यानं तो ठेवला. बसला. त्यानं बोटानं दाबून पाहिला. मग एकेका चौरसावर बोट ठेवून मोजले, एकापासून चोवीसपर्यंत, मधला सात गाळून. पुन्हा मोजले. फटी मोजल्या. एकोणपन्नास भरल्या.

घरात कुणी नव्हतं. खाली रस्त्यावर कुणीतरी बादली ओढत नेत होतं. काटकोन उठला, चपला घातल्या आणि बाजारात गेला. रविवार असल्यामुळे घड्याळजीचं दुकान बंद होतं. आपलंही बंद. तो बंद दारांपुढे थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. बहिणीला फोन लावला तर ती घरातल्या कुठल्याशा गडबडीत होती, "झालं? अरे वा, छान!" म्हणाली, "संध्याकाळी बोलते हं." मग त्यानं पावती शोधली. मागचा नंबर फिरवला.

"मी चौकटवाला. तुमच्या वडिलांचा फोटो..."

"काका! बोला."

"सातचा बाहेर राहिला."

 "फक्त सातचा? बाकी सगळे आत? कुणाचं बघून केलंत?"

"बघून कशाला?"

"काका, मला हे कधीच जमलं नाही," त्या म्हणाल्या. "बाबांनाही नाही. ते सातपर्यंत पोचावं म्हणून शेवटपर्यंत धडपडत होते." मग घाईघाईनं म्हणाल्या, "हलवू नका काही. चिकटवून टाका. आणि माझ्या मुलींना दाखवायला आणाल का शाळेत?"

त्यानं चौरस एकेक करून जागच्या जागी चिकटवले, वर बिनचमकीची काच घातली, बाहेरून साधी काळी पट्टी. गुण्या लावून पाहिला. पंधरवड्यानं एका सकाळी तो ती चौकट चादरीत गुंडाळून बसनं शाळेत घेऊन गेला.

वर्गात चाळीस मुली होत्या. बाईंनी चार हजार नऊशेची गोष्ट सांगितली, संत्र्यांचा ढीग फळ्यावर काढला आणि मग म्हणाल्या, "आता काका सांगतील." काटकोनला वाटलं जमीन दुभंगेल तर बरं.  मग एकाला कडेला का ठेवता येत नाही, एवढंच त्याला धीरानं सांगता येण्यासारखं होतं, ते त्यानं खडूनं काढून दाखवलं. मागच्या बाकावरच्या दोघी कुजबुजत होत्या, त्या थांबल्या. पुढची एक म्हणाली, "अय्या, खरंच की!"

"काका, किती वेळ लागला तुम्हाला?" दुसरीनं विचारलं.

"बारा वर्षं."



"मधे कंटाळा नाही आला?"

काटकोननं विचार केला. "कंटाळा घरी होताच," तो म्हणाला. "हे त्याच्यावरचं औषध होतं."

मुली हसल्या. त्याला कळेना यात हसण्यासारखं काय होतं, पण त्यांचं हसणं वाईट नव्हतं. मग घंटा झाली. चाळीस मुली डबे घेऊन दोन मिनिटांत बाहेर पळाल्या. बाईंना मधल्या सुट्टीत बैठक होती. चौकट वर्गातच भिंतीवर लावू असं ठरलं, खिळा शिपाई ठोकणार होता. "येत जा काका अधूनमधून," असं बाई जिना उतरता उतरता म्हणाल्या आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं. पण कोणत्या दिवशी, किती वाजता, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारणं काटकोनच्या स्वभावात नव्हतं.

फाटकावर पहारेकऱ्यानं त्याला थांबवलं. "आत येताना वहीत लिहिलं नाहीत. नाव, वेळ, काम."

काटकोननं वही घेतली. नाव लिहिलं, वेळ लिहिली. कामाच्या रकान्यावर पेन थोडा वेळ टेकून राहिलं. मग त्यानं लिहिलं, 'चौकट पोचवणे,' खाली सही केली, वही नीट बंद करून दिली, आणि मोकळी चादर घडी घालून काखेत धरून तो बसच्या रस्त्याला लागला.